छोट्या पडद्यावरील माता आणि इतिहासातील अग्रणी स्त्रिया : प्रश्नमंजूषा कशी रचावी?

आपण विचारले आहे की, मातृदिनानिमित्त पार्ल्यातील आपल्या महिला मंडळात प्रश्नमंजूषा घ्यायची असून तिच्या दोन फेऱ्या ठरल्या आहेत : एक दूरचित्रवाणी मालिकांतील मातांवर आणि दुसरी इतिहासात पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांवर. त्यासाठी कोणते प्रश्न निवडावेत, आणि मागच्या वेळी ‘पहिली कोण’ यावरून जो वाद झाला तो यंदा कसा टाळावा, असे आपले दोन प्रश्न आहेत. मुंबईतील शाळा, ग्रंथालये आणि महिला मंडळे यांच्यासाठी मी अनेक वर्षे प्रश्न रचत आले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे असे की या दोन फेऱ्या वेगळ्या ठेवूच नयेत. वेगळ्या ठेवल्या की पहिली फेरी करमणुकीची ठरते आणि दुसरी शाळेच्या तासासारखी. मालिका मन लावून पाहणाऱ्या भगिनी दुसऱ्या फेरीत गप्प बसतात आणि वाचन असणाऱ्या पहिल्या फेरीकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात हे दोन विषय एकमेकांत इतके गुंतलेले आहेत, आणि मुंबईत तर विशेषच, की एकाच प्रश्नात दोन्ही सहज सामावतात.

सुरुवात तारामतीपासून करावी. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात हरिश्चंद्राची राणी आणि रोहिदासाची आई असलेली तारामती अण्णा साळुंके या पुरुष नटाने रंगवली होती, कारण पडद्यावर काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. रोहिदासाचे काम फाळके यांच्या मुलाने, भालचंद्रने केले होते. म्हणजे भारतीय पूर्ण लांबीच्या चित्रपटातील पहिली आई एका पुरुषाने साकारली. हा प्रश्न विचारला की सभागृहात कुजबुज सुरू होते, आणि ती सुरू झाली की पुढचा प्रश्न लगेच मांडावा : फाळके यांच्या त्यानंतरच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात प्रथमच स्त्रियांनी कामे केली, त्या दोघी कोण? दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. दुर्गाबाई पतीपासून विभक्त होऊन मुलीला एकट्याने वाढवत होत्या आणि नाटक कंपनीत काम करून पोट भरत होत्या. त्या काळात ज्या कामाला कोणी हात लावत नव्हते, ते या आईने स्वतः केले आणि मुलीलाही त्यात उभे केले. कमला म्हणजेच पुढे प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले नातू. ‘अग्निहोत्र’ मालिकेतील विक्रम गोखले आपल्या मंडळातील बहुतेक भगिनींना आठवत असतील, त्यामुळे हा प्रश्न उलट्या टोकाने, म्हणजे पणतवाकडून पणजीकडे नेत विचारला तर अधिक रंगतो.

तारामतीची कथा येथे संपत नाही. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, त्याचे कथानकही हरिश्चंद्राचेच होते, आणि या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे. मुंबईच्या प्रतिष्ठित घरात वाढलेल्या, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या आणि दोन मुलांची आई असलेल्या या स्त्रीने घरची आर्थिक ओढ पाहून चित्रपटात काम स्वीकारले, तेव्हा समाजात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे. पुढे ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये त्या जोधाबाई, म्हणजे सलीमची आई झाल्या, आणि १९८३ या वर्षाच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे यांच्याच निर्मितिसंस्थेची होती. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखा, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, श्रीनिवास वागळ्यांच्या भूमिकेत अंजन श्रीवास्तव आणि त्यांच्या पत्नी राधिका यांच्या भूमिकेत भारती आचरेकर. महिन्याचा हिशेब, मुलांच्या मागण्या आणि नवऱ्याचा भिडस्त स्वभाव यांतून वाट काढणारी ती मध्यमवर्गीय गृहिणी आजही लोकांच्या मनात आहे. २०२१ साली ही मालिका नव्या रूपात आली, तेव्हा त्याच राधिकाच्या भूमिकेत भारती आचरेकर पुन्हा दिसल्या, मात्र या वेळी आजी होऊन. आणि भारती आचरेकर यांची स्वतःची आई कोण, तर गायिका माणिक वर्मा.

या साखळीतून चार-पाच प्रश्न सहज निघतात, परंतु माझा आग्रह असा की ते सुटे करू नयेत. एकच प्रश्न टप्प्याटप्प्याने उलगडावा आणि प्रत्येक टप्प्यावर गुण कमी करत जावे. पहिली खूण : ‘हिने तारामती रंगवली.’ येथे उत्तर देणाऱ्या संघाला पूर्ण गुण. दुसरी खूण : ‘मात्र १९१३ च्या चित्रपटातील तारामती नव्हे.’ तिसरी खूण : ‘हिच्या संस्थेने वागळ्यांचे घर छोट्या पडद्यावर आणले.’ अशा रचनेत मालिका पाहणारी आणि इतिहास वाचणारी, दोघींना एकमेकींची गरज लागते, आणि संघ म्हणून खेळण्याला अर्थ येतो.

पौराणिक मालिकांवर एक-दोन प्रश्न पुरेत, कारण त्या विषयावर सर्वांचीच तयारी असते. ‘रामायण’ (१९८७–८८) मधील कौसल्या जयश्री गडकर होत्या आणि दशरथ त्यांचे पती बाळ धुरी, हे मराठी घरांत सर्वश्रुत आहे. म्हणून प्रश्न थोडा वळवून घ्यावा आणि तमाशापटांतून लोकप्रियता मिळवलेली कोणती मराठी अभिनेत्री पुढे रामाची आई झाली, असे विचारावे. ‘महाभारत’ मालिकेतील कुंतीचे काम नाझनीन यांनी केले होते, तर गांधारी रेणुका इसरानी यांनी. हे थोडे अवघड, परंतु न्याय्य प्रश्न आहेत.

मला स्वतःला अधिक महत्त्वाची वाटते ती ‘हम लोग’मधील भागवंती. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे १९८२ मध्ये मेक्सिकोला गेले होते. तेथे मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय घेऊन मालिका केल्या होत्या, त्यांतून ‘हम लोग’ची कल्पना पुढे आली आणि ७ जुलै १९८४ पासून ती दूरदर्शनवर दिसू लागली. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत असत. जयश्री अरोरा यांनी साकारलेली भागवंती म्हणजे सगळ्यांचे ऐकून घेणारी, स्वतःला पुसून टाकणारी आई. स्त्रीने असे राहू नये हे दाखवण्यासाठी ती उभी केली होती. मालिकेवर पुढे जे अभ्यास झाले, त्यांत मात्र असे आढळले की अनेक प्रेक्षकांना भागवंतीच आदर्श वाटली होती. लेखकाने जे टाळावे म्हणून दाखवले, तेच घराघरांत अनुकरणीय ठरले. ही माहिती उत्तरानंतर दोन वाक्यांत अवश्य सांगावी. मग त्याच दमात विचारावे की कोणत्या बंगाली मालिकेवरून मराठीतील ‘आई कुठे काय करते’ आणि हिंदीतील ‘अनुपमा’ या दोन्ही मालिका बेतल्या आहेत. उत्तर ‘श्रीमयी’. मराठीत अरुंधती झाल्या मधुराणी गोखले-प्रभुलकर आणि हिंदीत अनुपमा झाल्या रूपाली गांगुली. भागवंतीपासून अरुंधतीपर्यंत साडेतीन दशकांत पडद्यावरील आई घराचा उंबरठा कसा ओलांडू लागली, हे सभागृहातील स्त्रियांना आपोआप दिसते, वेगळे भाषण लागत नाही.

१९८९ ची ‘उडान’ मालिका तर आपल्या दोन्ही विषयांचा सांधाच आहे. ती किरण बेदी यांच्यावर होती, असे उत्तर आपल्याला हमखास मिळेल आणि ते चुकीचे आहे. किरण बेदी १९७२ साली पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी. ‘उडान’ला मात्र प्रेरणा होती ती कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनाची, ज्या २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या आणि ते पद भूषवणाऱ्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. मालिका लिहिणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि तिच्यात प्रमुख भूमिका करणाऱ्या कविता चौधरी या त्यांच्या धाकट्या भगिनी. याच कविता चौधरी सर्फच्या जाहिरातीतील ललिताजी होत्या. एका प्रश्नात जाहिरात, मालिका आणि इतिहास तिन्ही आले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वादाकडे येते. ‘पहिली’ हा शब्द अटींशिवाय वापरला की वाद होतोच, आणि चूक बहुधा उत्तर देणाऱ्याची नसून प्रश्न रचणाऱ्याची असते. ‘भारतातील पहिली महिला डॉक्टर कोण?’ या प्रश्नाला तीन नावे येतात आणि तिन्ही नावे घेणाऱ्यांकडे कारण असते. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. पदवी घेतली, परंतु मायदेशी परतल्यावर त्यांना रुग्णसेवा करण्यास अवधीच मिळाला नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच कलकत्त्यात वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि प्रत्यक्ष व्यवसायही केला. डॉ. रखमाबाई यांचे लंडनमधील शिक्षण १८९४ मध्ये पूर्ण झाले आणि त्यानंतर त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. तेव्हा प्रश्न असा असावा : ‘परदेशात पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी महाराष्ट्रातील पहिली स्त्री कोण?’ येथे आनंदीबाई हे एकच उत्तर उरते. रखमाबाईंना व्यवसाय करणारी पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणण्याचा प्रघात आहे, तो टाळावा, कारण कादंबिनी त्यांच्या आधीच्या.

आनंदीबाईंविषयी विचारताना त्या आई होत्या हे विसरू नये. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. वैद्यक शिकण्याच्या त्यांच्या निश्चयामागे हे दुःख होते. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्राशी संबंधित होता. त्यांचा रक्षाकलश न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे, ही माहिती फार थोड्यांना असते.

रखमाबाई तर आपल्या मुंबईच्या. त्यांच्या आई जयंतीबाई तरुण वयात विधवा झाल्या होत्या आणि त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. अकराव्या वर्षी लग्न होऊनही रखमाबाई माहेरीच राहिल्या, आणि पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये नांदण्यास बोलावण्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निर्णय दिला. अपिलानंतर दावा पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, अन्यथा सहा महिन्यांचा तुरुंगवास, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या प्रकरणाने उठलेल्या चर्चेचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला मोठा हातभार लागला. खटल्याच्या काळात ‘हिंदू लेडी’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिणारी स्त्री कोण, हा माझ्या मते मुंबईच्या कोणत्याही प्रश्नमंजूषेत असायलाच हवा असा प्रश्न आहे. उत्तर अर्थातच रखमाबाई; लंडनला जाण्यासाठी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची होत्या, हेही उत्तरानंतर सांगावे.

सावित्रीबाई फुले यांच्याबाबत अधिकच काळजी घ्यावी. ‘भारतातील मुलींची पहिली शाळा’ असे म्हटले की कोणीतरी उठून सांगते की अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती, आणि ते खरे आहे. सावित्रीबाईंचे मोठेपण या अनुक्रमावर मुळीच अवलंबून नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीरावांनी सुरू केलेल्या शाळेत सावित्रीबाई शिकवू लागल्या. एका शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील स्त्रीने, शेणमातीचा मारा सोसत, मुलींना शिकवणे ही घटनाच स्वयंभू आहे. म्हणून ‘पहिली’ हा शब्द गाळून स्थळ विचारावे, किंवा त्यांच्यासोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव विचारावे. मातृदिनाच्या कार्यक्रमासाठी तर याहून चांगला प्रश्न आहे : फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या मुलाचे नाव काय? उत्तर यशवंत. त्यांच्याच घरी आश्रयाला येऊन बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा तो मुलगा. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना संसर्ग होऊन १० मार्च रोजी मृत्यू आला.

माय-लेकींची एक जोडी मुंबईकरांनी जवळजवळ विसरून टाकली आहे, आणि ती या निमित्ताने पुन्हा लोकांसमोर यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. हेराबाई टाटा यांचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. पुढे त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटू लागल्या आणि १९१९ मध्ये, ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे भारतीय स्त्रियांची बाजू मांडण्यासाठी, मुलगी मिठन हिला घेऊन लंडनला गेल्या. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांना, मालमत्तेच्या अटीवर, मताधिकार मिळाला. मिठन लंडनमध्येच राहून अर्थशास्त्र आणि कायदा शिकल्या, बॅरिस्टर झाल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. विवाहानंतर त्या मिठन लाम म्हणून ओळखल्या जात. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या. कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव कायद्याच्या संदर्भात अनेकींना आठवेल, त्यामुळे ‘मुंबई उच्च न्यायालयात’ ही अट प्रश्नात ठळकपणे वाचून दाखवावी. कॉर्नेलिया यांच्या आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवल्या होत्या, हा जोडप्रश्न होऊ शकतो.

मालिकांवरून इतिहासाचे प्रश्न काढताना एक पथ्य पाळावे : नट-नट्यांची नावे मालिकेवरून घ्यावीत, सनावळ्या मात्र ग्रंथांवरून. ‘उंच माझा झोका’ने रमाबाई रानडे घरोघरी पोहोचवल्या, तेजश्री वालावलकर आणि स्पृहा जोशी यांनी त्या रंगवल्या, पण १९०८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सेवासदनच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या, आणि ती संस्था गावदेवीत आजही उभी आहे, हे पुस्तकातूनच तपासून घ्यावे. जिजाऊंच्या भूमिकेबाबत विचारताना मालिकेचे नाव सांगणे अनिवार्य आहे, कारण ‘राजा शिवछत्रपती’मध्ये मृणाल कुलकर्णी होत्या आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये प्रतीक्षा लोणकर.

आयांच्या भूमिका करणाऱ्या अभिनेत्रींचे वय हा विनोदाचा विषय करू नये, मात्र माहिती म्हणून तो फार बोलका आहे. रीमा लागू यांचा जन्म १९५८ चा आणि संजय दत्त यांचा १९५९ चा. तरी ‘वास्तव’मध्ये त्या त्यांच्या आई होत्या. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला, मॉरीन स्टेपलटन यांच्यासोबत विभागून, आणि त्याच रोहिणीताई पुढे ‘चार दिवस सासूचे’ मालिकेत अकरा वर्षांहून अधिक काळ आशालता देशमुख म्हणून घराघरांत वावरल्या. एवढी मोठी अभिनेत्री, आणि आपण तिला सासू म्हणूनच ओळखतो.

परदेशाविषयी एखादाच प्रश्न ठेवावा. मे महिन्यातील दुसऱ्या रविवारचा मातृदिन अमेरिकेत अॅना जार्विस यांच्या खटपटीतून रूढ झाला, १९१४ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली, आणि पुढे त्याचा बाजार झालेला पाहून त्याच जार्विस त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. छोट्या पडद्याचे म्हणाल तर ‘आय लव्ह ल्युसी’मध्ये ल्युसीला बाळ झाल्याचा भाग १९ जानेवारी १९५३ रोजी दाखवला गेला, ‘प्रेग्नंट’ हा शब्द मात्र त्या मालिकेत वापरू दिला नव्हता. ती भूमिका करणाऱ्या ल्युसिल बॉल पुढे स्वतः मोठ्या दूरचित्रवाणी स्टुडिओच्या प्रमुख झाल्या.

प्रत्यक्ष कार्यक्रमात प्रत्येक उत्तराखाली आपण मान्य कराल ती पर्यायी नावे आधीच लिहून ठेवावीत : रखमाबाई आणि रुख्माबाई, मिठन टाटा आणि मिठन लाम, कमलाबाई कामत आणि कमलाबाई गोखले. हयात कलावंतांच्या घरगुती आयुष्यावर प्रश्न नकोत. बरोबरी झाली तर संख्येचा प्रश्न घ्यावा आणि जवळचा आकडा सांगणाऱ्या संघाला विजयी ठरवावे. उदाहरणार्थ, ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेचे, २००० ते २००८ या काळात प्रसारित झालेल्या मूळ पर्वात, एकूण किती भाग झाले? उत्तर १८३३. मालिका २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून कालावधी वाचून दाखवल्याशिवाय हा प्रश्न विचारू नये.